नदी, मुले आणि कॅमेरा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आपल्या जवळच्या नदीचा गौरव म्हणून मुलांची छायाचित्र स्पर्धा भरवावी, असे छोटेसे आवाहन या सदरातून मागे केले होते. त्यावर संयोजक, शिक्षक, पालक आणि खुद्द मुले अशा सगळ्यांची पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. मोठ्यांचे प्रश्न बहुतेक नियमांविषयीचे आणि मुलांचे बहुतेक पाण्याविषयीचे आहेत, हे वाचताना लक्षात येईलच.

प्रश्न : आमच्या शाळेने स्पर्धेसाठी ‘आपली सुंदर नदी’ असा विषय ठरवला आहे. प्रत्यक्षात नदीचा काही भाग प्लॅस्टिकने आणि सांडपाण्याने भरलेला आहे. स्पर्धा गौरवाची असल्याने कचऱ्याची छायाचित्रे स्वीकारू नयेत, असे काही पालकांचे म्हणणे आहे. काय करावे? (एक शिक्षिका)

उत्तर : विषय नुसता ‘आपली नदी’ असा ठेवावा. विषयातच विशेषण घातले की मूल नदीकडे पाहण्याआधी मोठ्यांना काय आवडेल याचा अंदाज बांधू लागते आणि मग सूर्यास्त, पुलाचे प्रतिबिंब व एकटी होडी अशी तीनच प्रकारची छायाचित्रे ढिगाने येतात. ती वाईट असतात असे नाही. पण ती कोणत्याही नदीची असू शकतात, आणि आपल्याला तर आपल्या नदीची हवी आहेत. ज्या मुलाला रोज शाळेत जाताना नाल्याचे काळे पाणी नदीत मिसळताना दिसते, त्याला ते दाखवायचे नाही असे सांगणे म्हणजे स्पर्धेच्या निमित्ताने त्याला खोटे बोलायला शिकवणे होय.

मात्र याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. कचरा दाखवला की परीक्षक गंभीर होतात आणि बक्षीस देतात, हेही मुलांच्या फार लवकर ध्यानात येते. त्यामुळे निकष सौंदर्याचा नको, तसा दुःखाचाही नको. मुलाने स्वतः काय पाहिले, एवढाच असावा. किनाऱ्यावर पडलेल्या बाटल्यांचा ढीग कोणीही टिपू शकतो. पण नाल्याचे आणि नदीचे पाणी जेथे एकत्र येते तेथे दोन रंगांची रेघ काही अंतर तशीच वाहत राहते, किंवा पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बाटलीला गोगलगायींनी आपली अंडी चिकटवलेली असतात, हे टिपणाऱ्या मुलाने थांबून पाहिलेले असते.

अशा छायाचित्राबरोबर ठिकाण आणि तारीख मात्र सक्तीने मागावी. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरातून वाहणाऱ्या कायाहोगा नदीवर साचलेल्या तेलकट कचऱ्याला २२ जून १९६९ रोजी आग लागली. ती अर्ध्या तासाच्या आसपास विझली आणि ज्वाळांचे छायाचित्र काही मिळाले नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाने ऑगस्टमध्ये बातमीबरोबर जे छायाचित्र छापले, ते त्याच नदीवरील १९५२च्या आगीचे होते. नदीच्या दुर्दशेविषयीचे म्हणणे खरेच होते, त्यातून जनमतही तयार झाले, आणि तरीही अनेक वाचकांनी वेगळ्याच दिवसाची आग पाहिली. मुलांना हा प्रसंग जरूर सांगावा.

प्रश्न : जागतिक नदी दिनाच्या दिवशीच सकाळी फोटो काढून संध्याकाळी निकाल लावावा, असा आमचा विचार आहे. हे योग्य ठरेल का? (एका ग्रंथालयाचे कार्यकर्ते)

उत्तर : २००५ पासून सप्टेंबरच्या चौथ्या रविवारी जागतिक नदी दिन पाळला जातो. तो दिवस बक्षीस समारंभाला आणि प्रदर्शनाला अगदी योग्य आहे. छायाचित्रे काढण्यासाठी मात्र एक दिवस पुरत नाही, कारण नदी एका दिवसात फक्त एकच रूप दाखवते. निदान दोन-तीन महिन्यांची मुदत द्यावी, म्हणजे पाणी वाढलेले, ओसरलेले, गढूळ आणि निवळलेले असे सगळे मुलांच्या नजरेखालून जाईल.

शक्य असल्यास एक विभाग ‘एकच जागा’ असा ठेवावा. मुलाने काठावरची एक सुरक्षित जागा निवडावी, एखादा खडक, झाड किंवा पुलाचा खांब चौकटीच्या ठरावीक कोपऱ्यात धरावा आणि मुदतीत अनेकदा तेथूनच छायाचित्र घ्यावे. या पद्धतीचे मोल फार मोठे आहे. १८८९-९० मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यन या खोल दरीतून रेल्वेमार्ग काढता येईल का हे पाहण्यासाठी रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन यांच्या मोहिमेने नदीकाठाची शेकडो छायाचित्रे घेतली. रेल्वे झालीच नाही. पण शंभर वर्षांनी संशोधकांनी त्याच जागा शोधून तेथूनच पुन्हा छायाचित्रे घेतली, तेव्हा वाळूचे किनारे, काठची झाडी आणि दरडी यांत काय बदलले, हे दोन चित्रे शेजारी ठेवून सांगता आले. मुलांनी घेतलेली चित्रे शाळेत किंवा ग्रंथालयात नीट जपून ठेवली, तर पुढच्या तुकड्यांना तीच जागा सापडू शकेल. त्यासाठी मागच्या बाजूस जागेचे वर्णन शब्दांत लिहून ठेवावे.

प्रश्न : माझ्या मुलीकडे फक्त जुना मोबाइल आहे. इतर मुलांकडे महागडे कॅमेरे असतील, मग तिचा निभाव कसा लागणार? शिवाय मोबाइलवर पाणी एक तर पांढरेफटक येते, नाही तर सगळे काठ काळे पडतात. (एक पालक)

उत्तर : बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलमधील छायाचित्र साधारण ४००० गुणिले ३००० बिंदूंचे असते. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू लागतात असे धरले, तर त्यातून तेरा गुणिले दहा इंचांचे चित्र स्वच्छ निघते. प्रदर्शनासाठी एवढे पुष्कळ झाले. मोबाइल कमी पडतो तो दूरच्या पक्ष्यापाशी, कारण बोटांनी झूम केल्यावर तो चित्र जवळ आणत नाही, फक्त फोडून मोठे करतो. तेव्हा मुलीने पक्ष्यांच्या मागे लागू नये. जे हाताच्या अंतरावर आहे ते पाहावे. ओल्या चिखलावर उमटलेली पावले, दगडाच्या कडेला पाण्याची होणारी चकाकती घडी, पूर ओसरल्यावर फांदीत अडकून राहिलेले गवत, यांत मोबाइल मोठ्या कॅमेऱ्याला हार जात नाही. मोबाइल उलटा धरला की त्याची लेन्स खाली जाते आणि पाण्याच्या पातळीलगतचे दृश्य मिळते. फक्त मोबाइलला मनगटात अडकवायची दोरी हवी.

आता पांढऱ्या आणि काळ्या पाण्याविषयी. पाण्यात आकाश उतरलेले असते आणि कॅमेरा चौकटीतील उजेडाची सरासरी काढू पाहतो, त्यामुळे चकाकणारे पाणी जास्त आले की काठ काळे पडतात आणि सावलीतली झाडी जास्त आली की पाणी पांढरेफटक पडते. बहुतेक मोबाइलवर पडद्याला बोट लावून धरले की उजेड कमी-जास्त करण्याची खूण दिसते. चित्र डोळ्यांना वाटते त्यापेक्षा किंचित गडद ठेवावे, कारण गडद भाग नंतर थोडा उजळता येतो, पण पूर्ण पांढरा झालेला भाग परत आणता येत नाही.

पाण्याखालचे दगड दिसत नसतील तर आणखी एक उपाय आहे. घरात पोलराइज्ड (चकाकी अडवणाऱ्या काचांचा) चष्मा असेल तर त्याची काच लेन्सपुढे धरून हळूहळू फिरवावी. एका विशिष्ट स्थितीत पृष्ठभागावरची चमक एकदम विरते आणि तळाचे गोटे, शेवाळ, क्वचित मासेही वर येतात. पाण्याकडे पृष्ठभागापासून सुमारे ३७ अंशांच्या तिरक्या कोनातून पाहिले तर हा परिणाम सर्वांत जास्त मिळतो, कारण त्या कोनातून परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ संपूर्णपणे एकाच दिशेने कंप पावत असतो आणि काच नेमका तोच अडवते. फोटो फक्त सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उजेडातच काढावेत, हा उपदेशही येथे बाजूला ठेवावा. तळ दाखवायचा असेल तर सूर्य वर आलेला असतानाच प्रकाश पाण्यात खोलवर शिरतो.

निभाव लागण्याविषयी एवढेच सांगतो की, परीक्षकांना कोणते उपकरण वापरले हे निकालापूर्वी कळताच कामा नये. आपल्याकडील संयोजक ते कळवत असतील तर त्यांना तसे लेखी सुचवावे.

प्रश्न : काही फोटोंमध्ये वाहते पाणी रेशमासारखे मऊ दिसते. ते मोबाइलवर कसे काढतात? आणि ती फसवणूक असते का? (वय १२)

उत्तर : शटर (कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारी झडप) उघडे असताना पाणी पुढे सरकत राहते, म्हणून ते पुसल्यासारखे दिसते. सेकंदाच्या हजाराव्या भागात शटर मिटले तर उडणारा थेंब हवेत गोठतो; पाव सेकंद किंवा अधिक वेळ उघडे राहिले तर त्याच पाण्याचे रेशीम होते. मोबाइलच्या ‘प्रो’ किंवा ‘लाँग एक्सपोजर’ सोयीत हा वेळ वाढवता येतो. मोबाइल हलता कामा नये, म्हणून तो दगडाला टेकवून ठेव आणि दोन-तीन सेकंदांचा टायमर लाव, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही लागणार नाही.

फसवणूक मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तर बहुतेक छायाचित्रकारांना दुसरा मार्गच नव्हता. ज्यांवर चित्र उमटायचे त्या त्यांच्या काचा इतक्या मंद होत्या की वाहती नदी बहुधा धुक्यासारखीच यायची. गोठलेला थेंब तरी आपल्या डोळ्यांना कुठे दिसतो? पण सगळेच पाणी रेशमी करू नकोस. खळाळत्या, आदळणाऱ्या पाण्याला मऊ केले की त्याचा जोर निघून जातो.

प्रश्न : मी बेडूक पकडून छान दिसेल अशा दगडावर ठेवला आणि फोटो काढला. तो स्पर्धेत पाठवू का? (वय १०)

उत्तर : या वेळी पाठवू नकोस. बेडकाची कातडी आपल्यासारखी नसते. तिच्यातून पाणी आणि हवा आतबाहेर जाते आणि आपल्या हातावरचे मीठ, साबण किंवा क्रीमही आत शिरते. शिवाय तू निवडलेल्या दगडावर बेडूक स्वतःहून बसला असता का, हे तुझा फोटो पाहणाऱ्याला कळणार नाही. मोठी माणसेही यात अडकतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या प्रसिद्ध स्पर्धेत २००९ साली एका लांडग्याच्या छायाचित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि २०१० मध्ये ते काढून घेण्यात आले, कारण तो लांडगा बहुधा माणसाळवलेला असावा असे परीक्षकांचे मत झाले.

तू असे कर. मोठ्या माणसाबरोबर काठावर जा, उथळ पाण्यातला हाताएवढा दगड हळूच उलट आणि त्याची ओली बाजू पाहा. कदाचित तेथे वाळूच्या कणांची एक छोटीशी नळी चिकटलेली असेल. कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याची अळी आपल्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने एकेक कण जोडून ते घर बांधते. फोटो काढ आणि दगड होता त्याच बाजूने, होता तेथेच परत ठेव.

प्रश्न : मुलांनी फोटोंवर किती संस्कार केलेले चालतील? आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले चित्र ओळखायचे कसे? (एक संयोजक)

उत्तर : नियम एका वाक्यात बसला पाहिजे, नाही तर मुले तो वाचत नाहीत आणि पालक त्यातून वाटा काढतात. उजेड, रंग आणि कडा कापणे चालेल. नसलेली वस्तू घालणे आणि असलेली वस्तू काढणे चालणार नाही, एवढे पुरे. कलेत याहून मोकळे नियम असतात, हे मान्य आहे. आंद्रेआस गुर्स्की यांचे ऱ्हाइन नदीचे १९९९चे छायाचित्र २०११ मध्ये लिलावात गेले तेव्हा जगातील सर्वांत महाग छायाचित्र ठरले, आणि त्यातून त्यांनी पलीकडच्या काठावरचा कारखाना व फिरणारी माणसे संगणकावर पुसून टाकलेली होती. ती त्यांची कलाकृती आहे आणि त्यांनी हे लपवलेलेही नाही. पण ज्या स्पर्धेचा हेतूच मुलांनी आपली नदी आहे तशी पाहावी हा आहे, तेथे कारखाना पुसून चालणार नाही.

कृत्रिम चित्र नजरेने ओळखण्याचा भरवसा धरू नये. २०२३ मध्ये सोनी जागतिक छायाचित्र पुरस्कारांच्या एका विभागात बोरिस एल्डॅगसेन यांचे चित्र विजेते ठरले आणि ते कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेले असल्याचे सांगून त्यांनीच पारितोषिक नाकारले. अनुभवी परीक्षकांची ही स्थिती, तर आपली काय कथा! त्यापेक्षा अंतिम फेरीत आलेल्या प्रत्येक मुलाकडून मूळ फाइल मागवावी आणि त्याच जागी आधी-नंतर काढलेले फोटोही पाहावेत. खऱ्या छायाचित्राच्या आगेमागे फसलेले प्रयत्न असतातच. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान केला जातो आणि त्यातील वेळेची नोंदही निघून जाते, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. आणि सर्वांत उपयोगी म्हणजे मुलाशी पाच मिनिटे बोलावे. ‘तू उभा होतास तेथे तुझ्या मागे काय होते?’ या प्रश्नाला ज्याने फोटो काढला आहे ते मूल क्षणाचाही विचार न करता उत्तर देते.

प्रश्न : नदीवर कपडे धुणारी, मासे धरणारी, पोहणारी माणसे असतात. त्यांचे फोटो काढू द्यावेत का? (एक पालक)

उत्तर : काढू द्यावेत, पण विचारून. माणसांशिवाय नदीचे चित्र अपुरे राहते आणि ‘तुमचा फोटो काढू का?’ एवढे विचारता येणे हा छायाचित्रणाचाच भाग आहे. नकार आला तर कॅमेरा खाली करायचा, त्यावर वाद घालायचा नाही. आंघोळ करणारी माणसे आणि उघडी पोहणारी मुले मात्र विचारूनसुद्धा टिपू नयेत. मुलांच्या खासगीपणाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतही मान्य केलेला आहे. तो फोटोतल्या मुलांना जसा आहे तसा फोटो काढणाऱ्या मुलांनाही आहे. म्हणून प्रदर्शनात स्पर्धकाचे पहिले नाव आणि वय एवढेच लिहावे आणि छायाचित्रे इंटरनेटवर टाकण्यापूर्वी फाइलमध्ये नोंदले गेलेले नेमके स्थान काढून टाकावे, नाही तर एखादे मूल रोज संध्याकाळी कोठे असते हे कोणालाही कळू शकते.

प्रश्न : मुलांना नदीवर एकटे पाठवावे का? स्पर्धेचा उत्साह असतो, नाही म्हणवत नाही. (अनेक पालक)

उत्तर : नाही म्हणावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली, आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. कॅमेऱ्यातून पाहणाऱ्याला पायाखालचे दिसत नाही, आणि चौकट नीट बसवण्यासाठी तो नकळत एकेक पाऊल मागे किंवा पुढे टाकत जातो. शेवाळलेला दगड, आतून पोखरलेला काठ आणि गुडघ्याखालीच असलेले पण वेगाने धावणारे पाणी, यांतील कोणतेही एक मोठ्या माणसालाही पाडायला पुरेसे आहे. वर कोठे पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडले, तर आपल्या डोक्यावर स्वच्छ ऊन असतानाही पाणी चढू शकते.

‘पाण्यात उतरून काढलेले छायाचित्र बाद’ असा नियम संयोजकांनी करावा आणि तो चोख पाळावा. पुराच्या पाण्याचे छायाचित्र कितीही जबरदस्त असले, तरी ते जवळून काढलेले दिसताच बाजूला ठेवावे. त्याला बक्षीस मिळाले तर पुढच्या वर्षी दहा मुले त्याहून एक पाऊल पुढे जातील. आणि सोबत गेलेल्या मोठ्या माणसाने मुलाकडे पाहावे, स्वतःच्या मोबाइलकडे नव्हे.

प्रश्न : अर्जात ‘सर्व छायाचित्रांचे सर्व हक्क संयोजकांकडे राहतील’ असे वाक्य आहे. सही करावी का? (एक पालक)

उत्तर : ते वाक्य खोडून मगच करावी. लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराचे तत्त्व असे की, कृती निर्माण होताच तिचा हक्क कोणत्याही नोंदणीशिवाय कर्त्याला मिळतो, आणि कर्त्याचे वय कमी म्हणून तो हक्क उणा होत नाही. संयोजकांना प्रदर्शन, पुस्तिका आणि प्रसिद्धी यांपुरती ठरावीक मुदतीची परवानगी पुरते. बहुतेक वेळा हे वाक्य वाईट हेतूने नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्या तरी अर्जावरून उतरवून घेतलेले असते. सांगितले की ते बदलतात.

प्रश्न : वयोगट किती ठेवावेत?

उत्तर : तीन. दहा वर्षांपर्यंत, अकरा ते चौदा आणि पंधरा ते सतरा, ही वर उल्लेखलेल्या लंडनच्या स्पर्धेतील विभागणी कोठेही चालण्यासारखी आहे. परीक्षकांत एक जण नदीची माहिती असणारा असावा. नुसतेच छायाचित्रकार बसवले तर ते रंगसंगतीवर भांडत बसतात.

प्रश्न : माझ्याकडे नदीचे खूप फोटो झाले आहेत आणि एकच पाठवायचा आहे. कसा निवडू? आणि फोटोखाली काय लिहू? (वय १३)

उत्तर : आधी सगळे फोटो दोन दिवस पाहूच नकोस. मग छोट्या आकारात एकत्र पाहा आणि ज्यांत नजर कोठे थांबवावी हे कळत नाही ते बाजूला कर. उरलेल्यांतून सर्वांत सुंदर कोणता हे विचारण्यापेक्षा, दुसऱ्या कोणाला काढता आला नसता असा कोणता हे स्वतःला विचार. घरच्यांचे मत घे, पण मतदान घेऊ नकोस; मतदानात नेहमी सूर्यास्तच निवडून येतो.

फोटोखाली कविता लिहू नकोस. ठिकाण, तारीख, वेळ आणि फोटोत न दिसणारी एखादी गोष्ट लिही. उदाहरणार्थ, पाण्याला वास येत होता का, आवाज किती होता, तो खंड्या किती वेळाने परत आला. तीन ओळी पुष्कळ झाल्या, आणि शुद्धलेखन मात्र कोणाकडून तरी तपासून घे.